मुक्या मंडळींची वही : आयुष्यभरात पाळलेल्या प्राण्यांची नोंद कशी करावी

आमच्या घरात मोत्या नावाचा कुत्रा सोळा वर्षं होता, असं आम्ही चारही भावंडं पन्नास वर्षं सांगत आलो. तोच लहानपणी चपला पळवायचा, तोच पोस्टमनला चावला आणि तोच म्हातारपणी आजोबांच्या आरामखुर्चीखाली पडून असायचा. मग एकदा जुने फोटो आवरताना दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकात मोत्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे, दुसऱ्यात चारही पाय काळे. मोत्या दोन होते. पहिला गेल्यावर महिन्याभरात दुसरा आला, नाव तेच ठेवलं आणि आमच्या डोक्यात दोघांचं मिळून एकच कुत्रं झालं.

त्या दिवशी मी ही वही करायला घेतली. दोन वर्षं लागली. तेवीस जीव निघाले: कुत्री, मांजरं, एक पोपट, मासे, एक कासव आणि दोन आठवडे मुक्काम करून गेलेली एक खार. या कामाची जी रीत हळूहळू हाताला बसली ती इथे क्रमानं देते आहे. एक आधीच सांगून टाकते. नुसत्या गोड आठवणी काढायला बसणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या पानावर अडकतो, कारण त्या मुक्या जिवांशी आपण कसे वागलो हेही त्याच वहीत लिहावं लागतं.

आधी यादी, पण सालांवरून नको

कोरा कागद घेऊन "1974 साली आपल्याकडे कोण होतं?" असं आठवायला बसलात तर काही हाती लागणार नाही, आणि जे लागेल ते बरंचसं चुकीचं असेल. माणसाला जुनी घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडे घडल्यासारखी वाटते. त्यामुळे साल विचारू नका, जागा विचारा. आपण किती घरांत राहिलो ते आधी लिहून काढा आणि एकेका घरात मनानं दारापासून आत जा. पायरीवर कोण बसायचं? माळ्यावर कोण व्यायलं? न्हाणीघराच्या कोपऱ्यात कुणाचं भांडं होतं? मी पहिल्याच घराच्या जिन्यापर्यंत पोचले तोवर तीन मांजरं आठवली होती, आणि त्यातलं एक साफ विसरलेलं होतं.

जागा संपल्या की घरातल्या मोठ्या घटना घ्या: कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुणाची दहावी, कुणाचं मोठं आजारपण. "ताईच्या लग्नात भुरी होती का?" याचं उत्तर मिळतं, कारण ताईच्या शालूवर तिनं नख मारलं होतं.

यादीत कुणाला घ्यायचं यावरून घरात वाद होतो. माझा नियम सोपा होता. नाव ठेवलं असेल किंवा महिनाभर रोज खायला घातलं असेल, तर यादीत. या नियमानं अंगणात येणारं लंगडं कुत्रं आत आलं आणि धाकट्या भावानं बरणीत ठेवलेला काजवा बाहेर गेला. तो अजून धुसफुसतो.

माणसांना वेगवेगळं विचारा

सगळ्यांना एकत्र बसवून आठवणी काढल्या की संध्याकाळ झकास जाते आणि नोंदींचं नुकसान होतं. जो मोठ्यानं बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते. म्हणून आधी एकेकट्याला गाठा, बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि मगच सगळ्यांना एकत्र बसवा.

"मोत्या कसा होता?" असं विचारलं की "फार प्रेमळ होता" एवढंच हाती येतं. बारीक विचारा. कुठे झोपायचा? कुणाच्या पावलांचा आवाज ओळखायचा? कशाला घाबरायचा? त्याला कोण मारायचं? हा शेवटचा प्रश्न विचारायचं टाळू नका. थोरल्या भावानं या प्रश्नावर मिनिटभर काही बोललं नाही, आणि नंतर जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तीन वर्षांच्या आतलं कुणाला फारसं आठवत नाही. "मी दोन वर्षांची असताना मनी माझ्या पाळण्यात झोपायची" असं कुणी सांगितलं, तर ती आठवण बहुतेक ऐकलेल्या गोष्टीतून किंवा फोटोतून आलेली असते. नोंद करा, पण पुढे "ऐकीव" लिहा. प्रत्येक नोंदीसमोर ती कुणी सांगितली हे लिहायची सवय लावून घ्या. एकाच प्रसंगाच्या दोन कहाण्या निघाल्या तर दोन्ही ठेवा. खरी कोणती ते लगेच ठरवायची गरज नसते.

फोटोंची झडती

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. प्राणी क्वचितच फोटोच्या मध्यभागी असतो. तो असतो कडेला, खाटेखाली, नाहीतर कुणाच्या तरी हातात अर्धा. वाढदिवसाचे, लग्नाचे, नव्या स्कूटरसमोर उभे राहून काढलेले सगळे फोटो भिंगानं पाहा. शेपटीच्या एका टोकावरूनही काम होतं.

आता तारखा. काही जुन्या फोटोंच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि साल छापलेलं असतं. नंतरच्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी आकडे दिसतात. त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण कॅमेऱ्याची तारीख चुकीची लावलेली असली की तीच चूक वर्षानुवर्षं प्रत्येक फोटोवर उमटते. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख दडलेली असते. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती निघून गेलेली असते, आणि फाइलच्या नावात दिसते ती बहुधा फोटो पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख, काढल्याची नव्हे. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

रंगाबाबतही सावध राहा. जुन्या रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र लालसर होतं. आमचं राखाडी मांजर अशा फोटोंमुळे वीस वर्षं "तांबूस" म्हणून ओळखलं गेलं.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत न्या. तरीही निघाला नाही तर पान तसंच स्कॅन करा. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो.

दात, डोळे आणि गळ्यातली कंठी

फोटोवर तारीख नसली तरी प्राण्याच्या अंगावर बऱ्याचदा असते. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. मांजराचे 26 पडून 30 येतात. जांभई देणाऱ्या पिल्लाचा फोटो सापडला तर नशीबच म्हणायचं. मांजराच्या पिल्लाचे डोळे निळे असतील तर ते बहुधा दोन महिन्यांच्या आतलं असतं, सयामीसारखे प्रकार सोडून, कारण त्यांचे डोळे जन्मभर निळेच राहतात.

मांजर नर होतं की मादी यावर घरात हमखास भांडण होतं. अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग असतील तर ती जवळजवळ नक्की भाटी. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे काळा आणि नारिंगी एकत्र यायला सहसा दोन एक्स लागतात, आणि दोन एक्स मादीत असतात. आमच्या काकांनी ज्याला जन्मभर "तिरंगी बोका" म्हटलं ती भुरी होती, आणि माळ्यावर व्यायली होती तीही तीच, हे एका फटक्यात सुटलं. उलट, पूर्ण नारिंगी मांजरांत बोके जास्त असतात, पण भाट्याही असतात, तेव्हा तिथे पैज लावू नका.

गळ्याला कंठी असलेल्या पोपटांमध्ये ती कंठी नराला असते, आणि तीही दीड ते तीन वर्षांचा झाल्यावर उठून दिसते. म्हणजे फोटोत कंठी नसेल तर तो पोपट एकतर लहान आहे किंवा मादी. ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो ते छोटे पक्षी पुष्कळदा बजरीगर असतात. त्यांच्या चोचीवरचा मांसल भाग पूर्ण वाढलेल्या नरात बहुतेक निळा आणि मादीत तपकिरी असतो.

आणि वयाचा हिशेब एकदा आयुष्यमानाशी ताडून पाहा. हॅमस्टर दोन-तीन वर्षं जगतो, गिनीपिग पाच ते आठ, ससा आठ ते बारा. "आमचा हॅमस्टर सात वर्षं होता" असं कुणी सांगितलं, तर आईवडिलांनी गुपचूप दुसरा आणून ठेवला होता असं समजा. अपवाद असतात. क्रीम पफ नावाची मांजरी 1967 ते 2005 अशी 38 वर्षं जगली आणि ब्लूई नावाचा कुत्रा 1910 ते 1939 असा साडेएकोणतीस वर्षांच्या घरात पोचला. पण पुरावा लागतो. पोर्तुगालमधल्या बॉबी या कुत्र्याला 2023 साली गिनीजनं जगातलं सर्वांत दीर्घायुषी कुत्रं ठरवलं, सांगितलेलं वय तेव्हा 30. पुढे लोकांनी फोटो काढून दाखवले: 1999 सालच्या म्हणून सांगितलेल्या फोटोत पंजे पांढरे, म्हातारपणीच्या फोटोंत तसे नाहीत. जन्मतारखेचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि फेब्रुवारी 2024 मध्ये विक्रम काढून घेतला गेला. हे वाचलं तेव्हा मला दोन मोत्यांची आठवण येऊन हायसं वाटलं.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब वहीत घालू नका. लॅब्राडॉर जातीवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वर्षभराचं कुत्रं माणसाच्या साधारण 31 वर्षांएवढं असतं, चार वर्षांचं 53 आणि बारा वर्षांचं 71. म्हणजे सुरुवातीला भरधाव आणि नंतर मंद. इतर जातींचं गणित वेगळं असू शकतं. पण मोत्या धाकटा आमच्याकडे चार वर्षांचा असताना "अजून पोरच आहे" म्हणून त्याला सगळे कसे पळवायचे, ते आठवून मी जरा थबकले.

पट्टा, पुस्तिका, कॅसेट

लसीकरणाची पुस्तिका मिळाली तर सोनं. तारखा असतातच, शिवाय दर खेपेचं वजन, डॉक्टरांनी घाईत लिहिलेला एखादा शब्द आणि मालक म्हणून कुणाचं नाव लावलं आहे तेही कळतं. आमच्या तीन पुस्तिकांवर वडिलांचं नाव आहे, ज्यांना "कुत्री अजिबात आवडत नसत". ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवली असेल तर बहुधा 15 आकडी क्रमांक असतो, तो उतरवून घ्या. दवाखान्याच्या पावत्या गुळगुळीत कागदावर असतील तर आजच स्कॅन करा, ती छपाई उडून जाते.

पट्टा नुसता जपून ठेवू नका, वाचा. सर्वांत झिजलेलं भोक कोणतं? बकलपासून तिथपर्यंत मोजलं की मानेचा घेर निघतो. दोन मोत्यांचे पट्टे असेच वेगळे करता आले, एकाची मान चार बोटं जाड होती.

जुन्या कॅसेट आणि व्हिडिओ मात्र थांबू शकत नाहीत. चुंबकीय फीत खराब होत जाते आणि वाजवायची यंत्रं दुर्मिळ झाली आहेत. म्हणून या सगळ्या कामात डिजिटल करून घ्यायचा पहिला मान त्यांचा. बहिणीच्या गाण्याची एक कॅसेट होती. तिच्या दुसऱ्या कडव्यात मागे कुठेतरी एक कुत्रं तीनदा भुंकतं. एवढंच आहे. मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही.

एका जिवाचं एक पान

माहिती जमली की लांबलचक कागदाची पट्टी घ्या. वर सालं, त्याखाली घरातल्या घटना, त्याखाली प्रत्येक प्राण्याची एक आडवी रेघ. नक्की माहीत आहे तिथे सरळ, अंदाज आहे तिथे तुटक. रेघा पाहताच बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात: कोण कुणाला भेटलं होतं, कोण एकटं राहिलं, कोणत्या काळात घरात कुणीच नव्हतं. आमच्या पट्टीत सहा वर्षांची मोकळी जागा आहे. आई आजारी होती ती वर्षं.

मग पानं. प्रत्येक पानावर आधी कोरडी माहिती: नाव आणि लाडाची सगळी नावं, कुठून आलं, कुणी आणलं, अंगावरच्या खुणा, आल्या-गेल्याची तारीख. त्याखाली मजकूर. मजकुराला मी एक चाळणी लावते. वाक्यातलं नाव बदलून दुसऱ्या प्राण्याचं घातलं आणि तरी ते खरं वाटलं, तर ते वाक्य खोडायचं. "फार इमानी होता" हे कुठल्याही कुत्र्याला चालतं. "भुरी पाणी पिण्याआधी पंजा बुडवून चाटून पाहायची, आणि पाणी कालचं असेल तर भांडं उलटं करायची" हे फक्त भुरीचं आहे. असं एक वाक्य मिळालं तरी पान भरलं म्हणायचं. माशांच्या बाबतीत तेही मिळत नाही. त्या पानावर मी "सात होते, काच पुसायचं काम माझ्याकडे होतं" एवढंच लिहून पुढे गेले.

जी पानं लिहावीशी वाटत नाहीत

प्रत्येक घरात असं एखादं पान असतं. दिलेला कुत्रा, सोडून आलेलं मांजर, पिंजऱ्यातच आयुष्य काढलेला पक्षी. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की काळू नावाचा बोका "निघून गेला". तो निघून गेला नव्हता. थोरला भाऊ त्याला पिशवीत घालून सायकलवरून लांब सोडून आला होता, मोठ्यांच्या सांगण्यावरून, वयाच्या तेराव्या वर्षी. हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो सत्तरीला टेकला होता.

असं पान लिहिताना तीन गोष्टी पाळा. काय घडलं ते सरळ लिहा, "नाइलाज होता" ने सुरुवात करू नका. त्या वेळी काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते वेगळं लिहा. आणि ज्याच्या हातून घडलं त्याला विचारल्याशिवाय ते पान इतरांना दाखवू नका. भावानं आठ दिवस विचार करून परवानगी दिली, फक्त सायकलचा रंग दुरुस्त करायला लावला.

पोपटाचं पान माझं मलाच जड गेलं. तो "गोड बोलायचा" म्हणून सगळ्यांना आठवतो. फोटो नीट पाहिले तर छातीवरची पिसं उपटलेली दिसतात. एकटेपणानं आणि कोंडून राहिल्यानं पोपट स्वतःची पिसं उपटतात, आजारानंही उपटतात. तेव्हा आम्हाला वाटलं, पिसं झडण्याचा हंगाम असेल. दोन्ही गोष्टी लिहिल्या.

शेवट कसा झाला

घरोघरी मृत्यूची कारणं ठरलेली असतात: कुणीतरी विष घातलं, दृष्ट लागली, नाहीतर म्हातारपण. तेच उतरवून घेऊ नका, लक्षणं विचारा. खाणं कधी सुटलं? पाणी जास्त प्यायचा का? उलट्या, झटके, श्वास? हाचिकोचं उदाहरण घ्या. मालक गेल्यावर जवळजवळ दहा वर्षं स्टेशनवर वाट पाहणारा हा जपानी कुत्रा मार्च 1935 मध्ये मेला. त्याच्या पोटात मांस भाजायच्या काड्या सापडल्या, म्हणून त्यांनीच तो मेला असं लोक मानत राहिले. त्याचे अवयव जपून ठेवले होते. 2011 साली त्यांची तपासणी झाली तेव्हा फुप्फुस आणि हृदयाचा कर्करोग निघाला, शिवाय हृदयात जंत. काड्यांनी पोटाला इजा केलीच नव्हती.

दुसरं उदाहरण घरचं. पहिल्या मोत्याआधीचं एक पिल्लू "पार्व्होनं गेलं" असं मामा सांगायचे. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू 1978 च्या सुमारास पसरला, आणि पिल्लू त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. मामींना लक्षणं विचारली तेव्हा डोळ्यांतून चिकट पाणी आणि नंतर झटके असं निघालं. ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराशी जास्त जुळतं. पानावर मी "बहुधा डिस्टेंपर" लिहिलं, "बहुधा" सकट.

डॉक्टरांकडून शांतपणे कायमचं झोपवलं असेल तर तो निर्णय कुणी घेतला, कोण सोबत होतं आणि कोण जाऊ शकलं नाही, हे नोंदवा. वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टी तिथे असतात. ही पानं ओळीनं लिहू नका आणि रात्री लिहू नका. मी एक मृत्यूचं पान झालं की एक पिल्लू आल्याचं पान लिहायचे.

जपून ठेवणं

हे थोडक्यात. साधा फोटो 600 डीपीआयवर (इंचामागे 600 ठिपके) स्कॅन करा, निगेटिव्ह असेल तर त्याच्या चार-पाच पट. मूळ प्रत टिफ स्वरूपात (फाइल मोठी, पण दर्जा घटत नाही), वाटायला जेपेग (फाइल लहान). फाइलच्या नावात साल, प्राणी, घर. सगळ्याच्या तीन प्रती: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. हाताने लिहिलेली वही असेल तर तीही स्कॅन करा. वहीत सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि कागद खाते.

आत्ता घरात आहे त्याचं काय

त्याचं पान आजच उघडा. चारही बाजूंनी फोटो, चारही पंजांचे, कानांचे आणि अंगावरच्या प्रत्येक खुणेचा. दर वाढदिवसाला त्याच खुर्चीशेजारी एक फोटो, म्हणजे मोजमाप आपोआप होतं. आवाज रेकॉर्ड करून ठेवा: भुंकणं, घुरघुर, पाणी पितानाची जिभेची चपचप, फरशीवर नखांचा टकटक आवाज. फोटो सगळेच काढतात, आवाज कुणाकडे नसतो.

आमच्या सध्याच्या बोक्याचं नाव बंड्या. त्याच्या पानावर वजन, लसीच्या तारखा आणि उजव्या कानाची खाच लिहून झाली आहे. आवाज घ्यायला काल फोन त्याच्यासमोर ठेवला तर घुरघुरायचं बंद करून त्यानं फोन टेबलावरून खाली ढकलला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त तो पडल्याचा आवाज आहे. तारीख घालून तेच ठेवलं.